खिशातला कॅमेरा, खोक्यावरचा आकडा



आजचा विषय कळल्यावर काही जणांनी विचारलं, की रोजच्या वापरासाठी छोटा डिजिटल कॅमेरा कसा निवडायचा, हा इतिहासाच्या व्याख्यानाचा विषय कसा काय होऊ शकतो? हा तर दुकानातल्या काउंटरवर बोलायचा विषय. शंका रास्त आहे. पण माणसं एखादी वस्तू घेताना दुकानदाराला कुठला प्रश्न विचारतात, यातून त्या काळाबद्दल पुष्कळ कळतं, असं आम्हाला वाटतं. वस्तू बदलते, तसा प्रश्नही बदलतो. आणि कधीकधी असं होतं, की वस्तू बदललेली असते पण प्रश्न चुकीचा पडतो. मग दहा-पंधरा वर्षं लाखो लोक चुकीचा प्रश्न विचारत राहतात. छोट्या डिजिटल कॅमेऱ्याच्या बाबतीत नेमकं हेच घडलं. ते का घडलं, हे आज बघू.

हा प्रश्न पुन्हा ताजा झालाय, हेही एक कारण आहे. फोनमध्ये कॅमेरा असताना वेगळा कॅमेरा कशाला, असं म्हणून आपण तो विषय संपवला होता. आता कॉलेजातली मुलं आईवडिलांच्या कपाटातून वीस वर्षांपूर्वीचा चपटा, चंदेरी कॅमेरा शोधून काढतात आणि विचारतात, "याला चार्जर मिळेल का?" तेव्हा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करू.

बाकीचं कोण करणार?

मुंबईत 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' १८५४ साली स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातल्या जाणत्या छायाचित्रकारांपैकी एक. पण त्यावेळी फोटो काढायचा म्हणजे काय होतं? ओल्या काचेची पद्धत होती. काचेवर रसायनाचा थर द्यायचा, तो वाळायच्या आत कॅमेऱ्यात बसवून फोटो घ्यायचा आणि लगेच अंधारात नेऊन ती काच धुवायची. म्हणजे प्रयोगशाळा पाठीवर घेऊनच घराबाहेर पडायचं. 'रोजच्या वापराचा कॅमेरा' हे शब्दच तेव्हा निरर्थक होते. फोटो हा प्रसंग होता. त्यासाठी माणसं ठेवणीतले कपडे घालून, श्वास रोखून बसत.

१८८८ साली अमेरिकेतल्या रॉचेस्टर गावच्या जॉर्ज ईस्टमनने 'कोडॅक' नावाचा कॅमेरा बाजारात आणला. किंमत २५ डॉलर. एक साधी पेटी. डोळा लावून बघायची खिडकीसुद्धा नाही. आत १०० फोटोंचा रोल कारखान्यातच भरलेला. दोरी ओढायची, बटण दाबायचं, चावी फिरवायची. शंभर फोटो झाले की आख्खा कॅमेराच रॉचेस्टरला पाठवायचा. तिथे १० डॉलर घेऊन फोटो धुऊन छापून द्यायचे आणि कॅमेऱ्यात नवा रोल भरून परत करायचे.

आता यात खरा शोध कुठला? यंत्र तर साधंच होतं. ईस्टमनच्या डोक्यातली मोठी गोष्ट अशी, की त्याने फोटो काढणं आणि फोटो तयार करणं ही दोन कामं वेगळी केली. पहिलं काम तुमचं, दुसरं कंपनीचं. रोजची फोटोग्राफी इथून सुरू झाली. एक गोष्ट मात्र तेव्हापासून कायम झाली. छोटा कॅमेरा घेताना आपण नुसता कॅमेरा घेत नाही, बटण दाबल्यानंतरचं काम कोणावर सोपवायचं तेही ठरवत असतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

१९०० साली त्याच कंपनीचा 'ब्राउनी' आला. किंमत एक डॉलर. सहा फोटोंचा रोल १५ सेंटला. पहिल्याच वर्षात दीड लाखाच्या वर कॅमेरे गेले. यातले बरेच मुलांच्या हातात गेले, कारण जाहिरात मुलांसाठीच केलेली होती. अंगणातली मांजर, झोपाळ्यावरची बहीण, शाळेची वाट असे फोटो आता निघू लागले. त्याआधी कोणी त्यासाठी काच ओली केली नसती.

छोट्या पेटीतली मोठी फिल्म

पुढची पायरी जर्मनीतली. लाइट्झ कंपनीतला ऑस्कर बार्नाक हा कारागीर. त्याने सिनेमाची फिल्म घेतली, तिच्यावरच्या चौकटीचा आकार दुप्पट करून २४ बाय ३६ मिलिमीटर केला आणि त्याभोवती कोटाच्या खिशात मावेल असा कॅमेरा बसवला. १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत तो 'लायका' नावाने लोकांसमोर आला. छोटी निगेटिव्ह, तिच्यावरून मोठं चित्र, ही कल्पना तिथून रुजली.

लायका महाग होता. पण ती फिल्म हळूहळू सगळ्यांची झाली. जपानमध्ये ऑलिंपस कंपनीच्या योशिहिसा मैतानी या तरुण अभियंत्याने १९५९ साली 'पेन' नावाचा कॅमेरा केला. ६,००० येनला परवडावा, हे त्याचं उद्दिष्ट. त्याने फिल्मची चौकट निम्मी केली, त्यामुळे ३६ च्या रोलवर ७२ फोटो निघत. पुढे १९७९ साली त्यानेच 'एक्सए' केला. त्याला वेगळं चामडी पाकीट नको. झाकण सरकवलं की कॅमेरा चालू, परत सरकवलं की बंद. तोवर, १९७७ साली, कोनिका कंपनीने आपोआप फोकस करणारा छोटा कॅमेरा बाजारात आणला होता.

आपल्याकडची गोष्ट थोडी वेगळी. ज्यांचं बालपण साठ-सत्तरच्या दशकात गेलं, त्यांना 'अ‍ॅग्फा क्लिक थ्री' आठवत असेल. काळा, हलका डबा. १२० नंबरचा रोल, बारा चौकोनी फोटो. रोल कधी आयात केलेला, कधी उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू'. बारा फोटो म्हणजे बारा. सहलीला गेल्यावर घरातला कोणीतरी मोठा माणूस सतत मोजत असायचा, "आता चार राहिलेत, किल्ल्यावर दोन, बाकी परत येताना." पुढे ३५ मिलिमीटरचे 'नुसतं रोखा आणि दाबा' छापाचे कॅमेरे आले. ३६ चा रोल घालायचा, लग्न, बारसं, गणपती असं सगळं त्यावर यायचं. रोल संपला की कोपऱ्यावरच्या स्टुडिओत धुवायला टाकायचा. एकाच रोलवर गुढीपाडवा आणि दिवाळी दोन्ही असणारी घरं तेव्हा पुष्कळ होती.

या सगळ्या फिल्मच्या काळातली एक साधी गोष्ट आपण सहसा लक्षात घेत नाही. दीड-दोन हजारांचा छोटा कॅमेरा असो की व्यावसायिकाच्या गळ्यातला चाळीस हजारांचा, दोघांत फिल्म एकच जात होती. तोच २४ बाय ३६ चा तुकडा, त्याच दुकानातला, त्याच किमतीचा. दोन कॅमेऱ्यांतला फरक भिंगात होता, यंत्रणेत होता. प्रकाश जिच्यावर पडतो ती वस्तू श्रीमंताला आणि गरिबाला सारखीच मिळत होती. आणि ती बदलताही यायची. उन्हात जायचंय तर १०० चा रोल, घरातला कार्यक्रम आहे तर ४०० चा. ग्राहक कॅमेरा एकदाच निवडायचा आणि फिल्म दर वेळी.

फिल्म कॅमेऱ्यात जाऊन बसली

१९६९ साली बेल लॅबोरेटरीजमध्ये विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडी ही चकती शोधून काढली. त्यासाठी त्यांना २००९ साली नोबेल मिळालं. प्रकाश पडला की विजेचा भार साठवायचा आणि तो ओळीने मोजून बाहेर काढायचा, हे तिचं काम. १९७५ साली कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने तिच्यापासून हातात धरता येईल असा डिजिटल कॅमेरा बनवला. वजन साधारण ३.६ किलो. चित्र १०० बाय १००, म्हणजे दहा हजार पिक्सेलचं, काळंपांढरं. एक चित्र कॅसेटवर नोंदवायला २३ सेकंद.

हा कॅमेरा कोडॅकने दाबून ठेवला आणि म्हणून ती कंपनी बुडाली, अशी एक सोपी गोष्ट नेहमी सांगितली जाते. ती इतकी सोपी नाही. कोडॅकने नंतर भरपूर डिजिटल कॅमेरे केले, २००५ साली अमेरिकेत विक्रीत ती पहिल्या क्रमांकावरही होती. तिची अडचण वेगळी होती. १८८८ पासून तिचा पैसा कॅमेऱ्यात नव्हताच, 'बाकीचं' करण्यात होता. फिल्म, कागद, रसायनं. डिजिटलमध्ये ते 'बाकीचं'च उरलं नाही.

घरगुती डिजिटल कॅमेऱ्याचा चेहरा ठरवला तो १९९५ च्या कॅसिओ क्यूव्ही-१० ने. किंमत ६५,००० येन, सीसीडी अडीच लाख पिक्सेलची, म्हणजे आजच्या हिशेबाने काहीच नाही. पण पाठीमागे १.८ इंचाचा छोटा पडदा होता. काढलेला फोटो तिथल्या तिथे दिसायचा, नको असेल तर पुसायचा. लोकांना भुरळ पडली ती चित्राच्या दर्जाची नव्हे, या पडद्याची. 'कसा आलाय बघू' हे वाक्य फोटो काढल्याबरोबर म्हणता येणं, ही नवी गोष्ट होती.

मग २००० साली कॅननचा डिजिटल इक्सस आला. पत्त्यांच्या जोडाहून जरासाच मोठा, पोलादी अंगाचा, २ मेगापिक्सेलचा. इथून खऱ्या अर्थाने खिशातल्या डिजिटल कॅमेऱ्याचं दशक सुरू झालं. आपल्याकडे तो आधी अमेरिकेतल्या किंवा आखातातल्या नातेवाइकांच्या बॅगेतून आला. पुढे सोनीचा 'सायबरशॉट' इतका पसरला, की काही घरांत कुठल्याही कंपनीच्या कॅमेऱ्याला सायबरशॉटच म्हणत.

आता मघाचा मुद्दा जोडू. या कॅमेऱ्यांत फिल्म नव्हती असं आपण म्हणतो. खरं म्हणजे फिल्म होती. तिचं नाव सेन्सर. फक्त ती आता कॅमेऱ्याच्या आत कायमची बंद झाली होती. ती बदलता येत नव्हती, हातात घेऊन बघता येत नव्हती, आणि सगळ्यांना सारखीही मिळत नव्हती. ३५ मिलिमीटरच्या फिल्मची एक चौकट ८६४ चौरस मिलिमीटर. बहुतेक खिशातल्या डिजिटल कॅमेऱ्यांतला सेन्सर सहा बाय साडेचार मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे २८ चौरस मिलिमीटर. तीस पटींनी लहान. करंगळीच्या नखापेक्षाही छोटा. ग्राहकाच्या नकळत त्याची फिल्म तीसपट लहान झाली आणि दुकानात कोणी त्याबद्दल बोललंच नाही.

बोलले नाहीत असं म्हणणंही पूर्ण खरं नाही. माहितीपत्रकात ते लिहिलेलं असायचं, पण कसं? '१/२.३ इंच'. हा काय प्रकार आहे? टीव्हीच्या जुन्या कॅमेऱ्यांत काचेच्या नळ्या असत आणि त्यांचं माप बाहेरच्या व्यासावरून सांगत. प्रतिमा मात्र आतल्या दोन तृतीयांश भागावरच उमटे. नळ्या गेल्या, माप सांगायची रीत राहिली. त्यामुळे 'एक इंची' म्हणवणारा सेन्सर प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटर असतो. त्याचा कर्णसुद्धा एक इंच भरत नाही. शिवाय अपूर्णांकात सांगितल्यामुळे १/२.३ आणि १/१.७ यांतलं मोठं कोणतं, हे कळायलाच माणसाला क्षणभर थांबावं लागतं.

आकड्याचं राज्य

फिल्म दिसेनाशी झाली, तेव्हा ग्राहकाकडे तुलना करायला काहीतरी हवं होतं. ती जागा एका आकड्याने घेतली. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला मेगापिक्सेलचा आकडा. ३, मग ५, मग ७, ८, १०, १२, १४. मोबाइल नंबरसारखं लोक सांगायचे, "आमचा आठचा आहे." "अरे, आता बाराचा आलाय." सोबत झूमचा आकडा. त्यातही भिंगाचं खरं झूम आणि चित्र नुसतं ताणून दाखवणारं डिजिटल झूम यांचा गुणाकार करून कितीही मोठा आकडा छापता येई.

या आकड्याची किंमत किती, हे साध्या हिशेबाने काढता येतं. आपल्या अल्बममधला नेहमीचा ४ बाय ६ चा फोटो चांगला छापायचा, तर इंचाला ३०० ठिपके लागतात. म्हणजे १,२०० गुणिले १,८००. उत्तर येतं साधारण २२ लाख, म्हणजे २ मेगापिक्सेलपेक्षा थोडं जास्त. ५ बाय ७ ला ३ मेगापिक्सेल पुरतात. ८ बाय १० चा फ्रेम करून भिंतीवर लावायचा फोटो, त्याला सव्वासात. ज्याला फुल एचडी टीव्ही म्हणतात, त्याच्या पडद्यावर एकूण २ मेगापिक्सेलच असतात. म्हणजे बहुतेक घरांची बहुतेक गरज २००० सालचा इक्सस जवळजवळ भागवत होता आणि २००६ च्या सुमाराचे कॅमेरे पूर्ण भागवत होते.

मग पुढचे पिक्सेल फुकट गेले, तर बिघडलं काय? बिघडलं असं की ते फुकट नव्हते. त्यांची किंमत अंधारात मोजावी लागत होती.

पावसाळ्यात गच्चीवर भांडी ठेवल्यासारखं समजा. गच्ची तेवढीच आहे. तिच्यावर दहा पातेली ठेवली, तर प्रत्येकात भरपूर पाणी साठेल आणि कुठे किती पाऊस पडला ते नीट मोजता येईल. त्याच गच्चीवर शंभर वाट्या ठेवल्या तर प्रत्येक वाटीत थोडंच पाणी पडणार. धो धो पावसात काही बिघडत नाही, वाट्याही भरतात. पण रिमझिम असेल, तर कुठल्या वाटीत दोन थेंब, कुठे पाच, हा निव्वळ योगायोग ठरतो. भर दुपारचं ऊन म्हणजे धो धो पाऊस. घरातला ट्यूबलाइट म्हणजे रिमझिम, आणि तीसुद्धा उन्हाच्या मानाने काहीशे पटींनी कमी. छोट्या सेन्सरवर खूप पिक्सेल कोंबले की घरातल्या फोटोत रंगीत दाणे येतात. मग कॅमेरा ते दाणे पुसायला जातो आणि चेहऱ्यावर मेण चोपडल्यासारखं दिसतं. नाही तर फ्लॅश मारतो. फ्लॅश भिंगाच्या अगदी शेजारी, कारण कॅमेरा छोटा. म्हणून लाल डोळे. वाढदिवसाचे त्या काळातले फोटो काढून बघा. पुढचे चेहरे पांढरेफटक, मागची माणसं अंधारात आणि सगळ्यांचे डोळे लाल.

आता इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट. हे बनवणाऱ्यांना ठाऊक नव्हतं का? होतं. काहींनी वेगळी वाट धरूनही पाहिली. फुजीफिल्मने २००६ साली एफ-३० नावाचा साधा दिसणारा कॅमेरा काढला. स्पर्धक पुढे पळत असताना त्याने ६ मेगापिक्सेलच ठेवले, सेन्सर त्यातल्या त्यात मोठा घेतला आणि कमी उजेडातल्या फोटोंसाठी तो नावाजला गेला. पॅनासॉनिकने २००८ मध्ये एलएक्स-३ काढला. तो १० वर थांबला आणि पैसा उजळ भिंगावर खर्च केला.

आणि सगळ्यात बोलकं उदाहरण कॅननचं. २००८ साली त्यांचा जी-१० आला, १४.७ मेगापिक्सेलचा. पुढच्याच वर्षी जी-११ आला. तो किती मेगापिक्सेलचा? दहाचा! सेन्सरचा आकार तोच, आकडा कमी. दरवर्षी आकडा वाढवायची सवय लागलेल्या कंपनीने नवा, महागडा कॅमेरा जुन्यापेक्षा लहान आकडा छापून विकायला काढला. ही कबुलीच होती. दुकानात मात्र या कबुलीचा आवाज फारसा पोचला नाही. स्वस्त कॅमेऱ्यांच्या खोक्यांवर आकडा चढतच राहिला, कारण ग्राहक तोच विचारत होता. आणि ग्राहक तो विचारत होता, कारण दुसरं काय विचारायचं हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. दोष एकट्या कंपन्यांचा किंवा एकट्या ग्राहकाचा, असं आम्ही म्हणणार नाही. जिचं माप दिसत नाही अशी वस्तू विकायला आली, की दिसणारा आकडाच जिंकतो. मिक्सरच्या वॅट्सपासून कॉलेजच्या टक्केवारीपर्यंत आपण हे बघतोच.

फोनने काय नेलं, काय ठेवलं

१९९७ च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियातल्या एका प्रसूतिगृहात फिलिप कान याने डिजिटल कॅमेरा, लॅपटॉप आणि मोबाइल फोन एकमेकांना जोडून आपल्या नवजात मुलीचा फोटो ओळखीच्यांना पाठवला. २००० साली जपानमध्ये शार्पचा कॅमेरा असलेला फोन विक्रीला आला, सव्वा लाखही पिक्सेल नसलेला. २००७ चा पहिला आयफोन २ मेगापिक्सेलचा. म्हणजे फोनचा कॅमेरा बराच काळ छोट्या कॅमेऱ्यापेक्षा वाईट होता. तरी तो जिंकला.

किती जिंकला, ते जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांत दिसतं. २०१० साली डिजिटल कॅमेऱ्यांची एकूण रवानगी १२ कोटींच्या वर होती, त्यातले जवळजवळ ११ कोटी छोटे, भिंग न बदलणारे. २०२० साली एकूण ९० लाखांच्या आत, आणि त्यात छोटे ३६ लाखांच्या आसपास. दहा वर्षांत शंभरातले सत्त्याण्णव गेले. कोडॅकने २०१२ च्या जानेवारीत दिवाळखोरीचा अर्ज केला.

फोन जिंकला तो ईस्टमनच्याच जुन्या नियमाने. तो नेहमी जवळ असतो आणि 'बाकीचं' तो करतो. फोटो दाखवणं, पाठवणं, साठवणं, सगळं. छोट्या डिजिटल कॅमेऱ्याने हे ओझं उलट आपल्या अंगावर टाकलं होतं. तार शोधा, संगणक चालू करा, फोल्डर करा, सीडी लिहा. १८८८ मध्ये जे काम माणसाच्या डोक्यावरून उतरलं होतं, ते २००० मध्ये परत चढलं, आणि ते आपल्या अंगावर आलंय हेही फार थोड्यांच्या लक्षात आलं.

जे छोटे कॅमेरे टिकले, ते आकडा सोडून फिल्मकडे, म्हणजे सेन्सरकडे वळलेले. फुजीचा एक्स-१०० (२०११), सोनीचा आरएक्स-१०० (२०१२), रिकोचा मोठ्या सेन्सरचा जीआर (२०१३). आरएक्स-१०० चा तथाकथित एक इंची सेन्सर नेहमीच्या छोट्या कॅमेऱ्याच्या चौपट, जीआरचा साधारण तेरापट. महाग झाले, पण का महाग ते तरी सांगता येऊ लागलं.

नखाएवढं कार्ड

आता आमच्या मते या इतिहासातला सगळ्यात गंभीर भाग. आमच्या घरी कपाटात एक नखाएवढं कार्ड आहे. त्यावर एका आजीच्या पंचाहत्तरीचे फोटो आहेत, असं सगळ्यांना आठवतं. तो कॅमेरा केव्हाच बंद पडला. कार्ड ज्यात बसेल असं यंत्र घरात नाही, ओळखीच्या दुकानात नाही. आजीचे १९६२ चे फोटो अल्बममध्ये आहेत, हातात घेऊन बघता येतात. २००६ चे मात्र त्या चकतीत आहेत.

हे एका घराचं दुखणं नाही. त्या दशकात कार्डांचे किती प्रकार होऊन गेले बघा. १९९४ चं कॉम्पॅक्टफ्लॅश, १९९५ चं स्मार्टमीडिया, १९९८ ची सोनीची मेमरी स्टिक, १९९९ चं एसडी, २००२ मध्ये ऑलिंपस आणि फुजी यांनी आणलेलं एक्सडी. कॅमेरा निवडला की कार्डाची जातही नकळत ठरून जायची. आज छोट्या कॅमेऱ्यात सर्रास दिसतं ते एसडी. घेताना कोणी विचारलं नव्हतं, की वीस वर्षांनी हे वाचता येईल का? खोक्यावर त्याचा आकडा नव्हता ना.

आपल्या पुष्कळ घरांतले अल्बम २००३-०४ च्या सुमारास थांबतात. त्यानंतर फोटो कमी निघाले असं नाही, उलट शेकड्यांनी निघाले. पण ते छापले गेले नाहीत, आणि फोनमधल्या साठवणीतही पोचले नाहीत, कारण ती पुढच्या काळातली. या दोन काठांच्या मधलं एक दशक सीड्या, कार्डं आणि बंद पडलेल्या हार्ड डिस्कवर आहे. सामान्य माणसांच्या जगण्याचा इतिहास लिहायचा, तर हेच कागद असतात. पेशव्यांचे हिशेब दप्तरात सापडतात. २००६ सालच्या मध्यमवर्गीय स्वयंपाकघरात ओट्यावर काय होतं, हे शंभर वर्षांनी कुठे सापडणार? त्याच कार्डांवर, सापडलं तर.

मग कुठला घेऊ?

एवढं ऐकल्यावर हा प्रश्न येणारच, आणि तो टाळणं बरं दिसणार नाही. मॉडेलचं नाव आम्ही सांगणार नाही, ते सहा महिन्यांत शिळं होतं. पण या सव्वाशे वर्षांतून निघणारे चार प्रश्न सांगतो.

पहिला, बार्नाक आणि मैतानीचा. हा रोज माझ्याबरोबर येईल का? खिशात जाऊन बघा, बाहेर काढून पहिला फोटो निघेपर्यंत किती वेळ लागतो ते बघा. कपाटातला उत्तम कॅमेरा रोजचा नव्हे.

दुसरा, फिल्मचा. सेन्सर किती मोठा आणि भिंग किती उजेड आत घेतं? मेगापिक्सेल नका विचारू. दुकानात ट्यूबलाइटखाली, फ्लॅश बंद करून, सोबतच्या माणसाचा चेहरा टिपा आणि मोठा करून बघा. आपलं रोजचं आयुष्य बहुतेक घरातच घडतं.

तिसरा, पडद्याचा. याने मला काय दिसतं? उन्हात पडदा दिसतो का, बटणं हाताला सापडतात का. जुना कॅमेरा घेत असाल, तर बॅटरी आणि चार्जर अजून मिळतात का आणि कार्ड कुठल्या जातीचं, हे आधी विचारा. साध्या पेन्सिल सेलवर आणि एसडी कार्डावर चालणारा असेल तर निम्मी काळजी मिटली.

चौथा, ईस्टमनचा. बाकीचं कोण करणार? उत्तर 'मी' असेल, तर महिन्याचा एक दिवस ठरवा. कार्ड रिकामं करा, दोन ठिकाणी प्रत ठेवा, आणि वर्षाचे निदान छत्तीस फोटो छापून घ्या. छत्तीस का? एक रोल. पूर्वीच्या माणसांचं वर्ष तेवढ्यात बसायचं. आपलंही बसेल, निवडायला बसलो तर.

जुने डिजिटल कॅमेरे शोधणाऱ्या मुलांना आपण हसतो. त्यांना तो फ्लॅशचा पांढरा झोत, ते दाणे आवडतात, कारण ते त्यांच्या बालपणीच्या फोटोंचे रंग आहेत. हसू नका. ती मुलं कपाटातून कॅमेरा काढतात तेव्हा बरेचदा त्यात जुनं कार्ड असतं. ते पुसून टाकण्याआधी त्यांना एवढंच सांगा, की आधी त्यात काय आहे ते बघ.

आम्हीही ते कार्ड वाचणारं यंत्र शोधतो आहोत. इथे थांबतो.